उलटा फेरा

माधवनगर रोडला, टायरच्या दुकानामागं
आमचं रिवाइंडिंगचं शेड.
पाच एचपीची जळकी मोटर उघडली की
आधी वास बोलतो, मग मी.
छिन्नीनं जुनी तार उपसायची,
खोबणीतला करपलेला कागद खरवडायचा,
आणि मोजत बसायचं : एका खोबणीत बेचाळीस आटे.
एक्केचाळीस नाही.

साइन मला हातानं माहीत होता.
भिंतीतल्या सॉकेटातून येतो, सेकंदाला पन्नास वेळा
वर जातो, खाली जातो,
चुकून बोट लागलं तर ओळख करून देतो.
कागदावर भेटला तेव्हा मी चौतीस वर्षांचा,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला
तिसऱ्यांदा.

उमराणी मॅडम विश्रामबागेत शिकवतात,
जिन्याखालच्या खोलीत. फळा दारामागं आहे,
कुणी आत आलं की गणित झाकलं जातं.
म्हणाल्या, गुणाकार एका दमात गिळता येत नाही, शिकलगार.
एकाला धरा, दुसऱ्याला सोडा.
सोडलेल्याचं इंटिग्रेशन, धरलेल्याचं डेरिव्हेटिव्ह,
आणि मध्ये वजा. वजा विसरू नका.
मी वहीत वजा काढला, स्क्रू-ड्रायव्हरएवढा.

एक्स गुणिले साइन एक्स सुटला.
एक्स बिचारा एका फेऱ्यात झिजून एक होतो,
उरतो कॉस, त्याला कोण भितंय.

पण ई रेज टू एक्स झिजत नाही.
कितीही घासा, तसाच, घासणाराच दमतो.
आणि साइन मरत नाही, कॉस होतो,
कॉस परत साइन होतो, फक्त तोंड फिरवून.
असले दोघं एकत्र आले
तर आधी संपायचं कुणी?

शनिवारी लाइट गेली. तारेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि त्यावर ते घेतलं.
पहिल्या फेऱ्यात साइन धरला.
दुसऱ्यात, का कुणास ठाऊक, ई धरला.
भराभर सगळं कापलं गेलं, मला वाटलं, जमलं.
खाली उरलं : आय बरोबर आय.
व्यय : दीड तास, अर्धी मेणबत्ती.

पुठ्ठा दाखवला. मॅडमनी चष्मा वर केला,
त्या बोलायच्या आत मीच बोललो :
उलटा फेरा पडला, मॅडम.
पहिली कॉइल सुलट गुंडाळली, दुसरी उलट,
एकीचं चुंबक दुसरीनं खाल्लं.
असली मोटर नुसती गुरगुरते. फिरत नाही.
त्या हसल्या नाहीत.
खडू खाली ठेवला, म्हणाल्या, हे पुढच्या बॅचला सांगेन.

मग पहिल्यापासून. साइन धरला.
पुढं कॉसच धरला,
त्याच हातानं, त्याच दिशेनं,
आणि दुसऱ्या फेऱ्याच्या टोकाला
प्रश्नच उभा! अख्खा, जसाच्या तसा,
कपाळावर फक्त वजा.
माझा हात तिसऱ्या फेऱ्याला निघाला होता.
मॅडम म्हणाल्या, ओळखीचा आहे ना?
मग बोलवा की इकडं.

बरोबरच्या दोन रेघा ओलांडून
त्याला डावीकडं आणला. ओलांडताना वजा गळाला.
दोन आय.
दोननं भागलं.
ई रेज टू एक्स, कंसात साइन वजा कॉस, छेदात दोन.
इतकंच. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला बघितलं,
आणखी काही राहिलं का म्हणून.

राहिलं होतं. अर्धा गुण कापला.
अधिक सी लिहिला नव्हता.
हा कुठनं आला, मी विचारलं.
आधीचं काहीतरी असतं, त्या म्हणाल्या,
आपल्याला दिसत नाही, पण नव्हतंच असं लिहायचं नाही.

सोमवारी डिग्रजहून एकजण मोटर घेऊन आला.
किती वर्षं चालवली? ठाऊक नाही.
आधी कुणी बांधली? ठाऊक नाही,
मेव्हण्यानं कुणाकडनं तरी घेतलेली.
मी जॉब कार्ड भरलं :
आटे बेचाळीस, वार्निश दोन हात,
बेअरिंग नवीन,
अधिक सी.
त्यानं वाचलं आणि विचारलं,
ह्याचे किती लावले?