कोरी जागा

कणकुंबीच्या शाळेत भरमू पेंटर
भिंतीवरचे सुविचार पुन्हा उजळायला आला
तेव्हा माझ्या टेबलावर ते पुस्तक उघडं होतं.
चिनी डोंगर. नुसती शाई.
वर सुळका, खाली नखाएवढी होडी,
आणि मधला अर्धाअधिक कागद
तसाच सोडलेला.

भरमूनं चष्मा कपाळावर सरकवला.
'मास्तर, काम अर्धवट टाकून गेलाय की हा.'
ती जागा धुक्याची आहे, म्हटलं.
'रंगवलंय कुठं?'
रंगवलं नाही, म्हणून तर धुकं.

तो गप्प.
हा माणूस फुटावर पैसे घेणारा.
खानापूर, नंदगड, जांबोटी, चाळीस वर्षं पाट्या:
आधी मराठी, मग वर कानडी खाली मराठी,
मग नुसती कानडी.
एकाच किराणा दुकानावर त्याच्या हातचे चार थर.
मोर्चाच्या रात्री कुणी डांबर फासलं
तर सकाळी रॉकेल आणि चिंध्या घेऊन
पुसायलाही हाच.
काळ्याची त्याची ओळख एवढीच,
झाकणारं.

आणि इथं काळं पातळ होत होत
कड्याच्या पायथ्याशी
पाण्यालाच जाऊन मिळालेलं.

'एका शाईत किती काळे असतात?'
पाच, असं म्हणतात ते लोक.
पान डोळ्यांजवळ धरून तो म्हणाला,
'मला सहा दिसूलालेत.'

मधल्या सुट्टीत चोर्ल्याकडून धुकं चढलं.
मैदानात उभे होतो दोघे.
समोर गोवा, उजवीकडे चंदगड, पायाखाली कर्नाटक;
आधी मैलाचा दगड गेला, त्यावरच्या अक्षरांसकट,
मग फॉरेस्टचं गेट,
मग कुठला डोंगर कुणाचा, तेही.
उरली एक बाई, डोक्यावर गवताचा भारा,
कुठल्याही बाजूला चालत असावी अशी.
'होडीवाला,' भरमू हळूच म्हणाला.

संध्याकाळी भिंत बघितली.
वर एका ओळीत सुविचार, सुबक.
खाली चुन्याचा पांढरा हात, आणि काहीच नाही.
बिलात मात्र स्वच्छ अक्षरांत:
'कोरी जागा, साडेचार फूट. दर तोच.'

हेडबाई फर्नांडिस भांडल्या.
न केलेल्या कामाचे पैसे कसले?
'सोडायला जास्त वेळ लागला, बाई,' तो म्हणाला,
'हात सारखा जाऊलालता.'

शेवटी बिलावर शिक्का बसला.
चित्राच्या कोपऱ्यातला लाल होता,
आमच्या शाळेचा जांभळा,
जरा तिरका,
आणि बिलावरच्या एकुलत्या रिकाम्या जागेत.