मिनिटाला बावन्न

आमच्या आराखड्यात पाणी निळ्या शाईचं होतं
आणि न कुरकुरता चढ चढत होतं.
तीन मीटरची उडी, अठरा मीटरची चढण,
वीज नको, डिझेल नको,
पाण्याच्याच धक्क्याने पाणी वर.
बिश्केकच्या प्रयोगशाळेत, ट्यूबलाइटखाली,
पंपाने ठोके दिले
आणि सुयुनबायेव सरांनी एकदा मान हलवली.
त्यांच्याकडून एवढं म्हणजे टाळ्याच.

तेरेक-बुलाकला पोचलो तेव्हा मे महिना,
तरी ओढ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा.
आम्ही चौघं: मी, सायकाल, एल्दियार
आणि सारखा शिंकणारा मिर्लान.
टेम्पोत लोखंडी पाइप,
हवेच्या टाकीसाठी आग विझवायचं रिकामं नळकांडं,
आणि आत्मविश्वास,
त्याचं वजन कुठे नोंदवलेलं नाही.

नळ शाळेपाशी बसणार होता.
नकाशावर तसं ठरलं होतं, फोटोही बरा आला असता.
झुउरा आपांनी बादल्या खाली ठेवल्या.
"आणि पाणी वाहतं कोण, ते विचारलंत?"
प्रश्नावलीत तेवीस प्रश्न होते.
हा नव्हता.
मग त्यांच्या मागून चाललो.
वळणावर एक सपाट दगड, तिथे प्रत्येक बाई थांबते,
बादल्या टेकवते, बोटं उघडझाप करते.
दगडावर बुडांची दोन वर्तुळं झिजून उमटलेली,
माझ्या कंपासला जमली नसती इतकी नेमकी.
नळ तिथे.
अठराचे एकवीस मीटर झाले.
मी निळी रेघ खोडली
आणि या वेळी पेन्सिल घेतली.

पंप बसवला, पाणी सोडलं,
झडप मिटली ती मिटलीच.
एल्दियार सूत्र मोठ्याने वाचायचा, जणू तिला ऐकू येतं.
सायकाल कोपरापर्यंत हात बुडवून ती उघडायची,
ती पुन्हा मिटायची, रुसलेल्या पोरासारखी.
रात्री आम्ही कुणीच कुणाशी बोललो नाही.

जुमादिल, एके काळी सामुदायिक शेतावरचा ट्रॅक्टर-मिस्त्री,
दोन दिवस कुंपणावर बसून
सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.
तिसऱ्या दिवशी उठला,
खिशातून घोड्याचा तुटका नाल काढला.
"हलकी आहे पोर तुमची," म्हणाला,
"एकदा मिटली की उघडायला वजन कुठलं तिच्यात?"
आणि तारेने तो झडपेवर बांधला.

ठक्.

ठक्.

मग थांबेचना.
मिर्लान शिंकायचं विसरला.
मी घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला बावन्न.
वहीत लिहिलं, वजन: अर्धा नाल.
(पुढे सरांनी लाल शाईत विचारलं, "ग्रॅममध्ये?"
पण नाल तिथे, काटा इथे.)

अहवालात एक रकाना होता: वाया जाणारं पाणी.
बारा बादल्यांतली एक वर चढते,
अकरा झडपेतून बाहेर पडतात.
जुमादिलने रकान्यावर बोट ठेवलं, काय लिहिलंय म्हणून.
सांगितलं.
त्याने नुसती हनुवटी उचलली ओढ्याच्या खालच्या अंगाला:
बहिणीचं बार्लीचं शेत, शिंगरू घेऊन आलेली घोडी,
गुडघाभर पाण्यात चादर आपटणारी कुणाची तरी सून.
मी शब्द खोडला. दुसरा सुचला नाही.
रकाना बिननावाचाच गेला,
दोन गुण कापले.

नोव्हेंबरात फोन आला.
हॅलो नाही, काही नाही, नुसते ठोके,
पण कोरडे, टणक, घणासारखे.
मी वसतिगृहाच्या जिन्यात बसले, डोळे मिटले.
"टाकीतली हवा संपलीय, जुमादिल आबा.
पाणी काढून टाका, आणि ते बारीक भोक आहे ना,
सुईने मोकळं करा, शेवाळ बसलं असेल."
"कालचा आवाज आहे हा," तो म्हणाला,
"मोबाइलमध्ये भरून ठेवलेला.
भोक झुउराने केलं मोकळं, नमदा शिवायच्या सुईने.
तुला ओळखता येतं का, ते बघत होतो."
मग त्याने फोन खाली धरला असावा,
वारा आला, बादलीची कडी वाजली,
आणि पलीकडे, दमाने, मऊ,
मी मोजायला लागले.