कन्या रास, पान सहा

पान सहावर दोन चौकटी होत्या, मधे एक रेघ.
डावीकडे डॉ. वत्सला सोनकुसरे, आकाशाबद्दल, दर गुरुवारी.
उजवीकडे बारा राशी.
दोन्ही मीच टाइप करायचो, सीताबर्डीत, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरचं पाणी संपलं की कीबोर्डवर घाम पडायचा.

बाई स्वतः लुनावर येऊन लेख खाली देऊन जायच्या.
आखीव वहीची पानं, अक्षर तिरकं,
खोडाखोड इतकी की वाचताना कळायचं
कुठे अडल्या, कुठे उठून चहा ठेवला.
'अब्ज' खोडून वर 'शंभर कोटी'.
समासात माझ्यासाठी चिठ्ठी :
प्रकाशवर्ष हे अंतर आहे, बाबू, वय नाही.
मागच्या वेळी तू त्याला 'पूर्वी' जोडलंस.

एकदा त्यांनी झिरो माइलच्या खांबाशी संत्रं ठेवलं.
तो सूर्य.
दहा पावलांवर खसखशीचा दाणा : आपण सगळे, कामठीसकट.
आता दुसरं संत्रं घ्या, शेजारचा तारा म्हणून, आणि निघा.
कुठल्याही दिशेनं निघा,
देश संपेल, ते ठेवायची जागा यायची नाही.
संपादक म्हणाले, संत्रं कशाला, इथं सगळेच संत्रं आणतात.
बाई म्हणाल्या, आणतात. मोजत कोणी नाही.

राशीवाले पाचखेडे गुरुजी मे महिन्यात मुलाकडे जायचे
आणि मजकूर पाठवायला विसरायचे.
मग बारा राशी मीच पाडायचो.
मेष : प्रवास टाळा. वृषभ : जुनी येणी वसूल.
मिथुनला कायम धनलाभ, माझी रास म्हणून.
कन्येला त्या आठवड्यात लिहिलं, 'पत्र येईल.'
बाईंची रास मला ठाऊक होती,
आणि वाचकांची अकरा पत्रं त्यांच्या नावानं
माझ्याच टेबलावर पडून होती.
शिपाई सकाळी नेणार होता.

दुसऱ्या रात्री त्या जिना चढून वर आल्या, धापा टाकत.
कन्या तू लिहिलीस?
मी कूलरकडे बघितलं.
गुरुजींचं शुद्धलेखन इतकं चांगलं नाही, म्हणाल्या.
चल गच्चीवर.

रात्री नऊलाही गच्ची तव्यासारखी.
खाली बर्डीच्या पाट्यांचा झगमगाट,
उत्तरेला कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे.
सप्तर्षींच्या शेपटीचा बाक धर. घसरत ये. ती स्वाती.
तशीच घसरगुंडी पुढे. चित्रा.
आता चित्रा सोड, वर ये, सिंहाच्या शेपटीच्या जरा अलीकडे.
काय दिसतं?
काही नाही.
बरोबर. तिथं हजारावर दीर्घिका आहेत. ती तुझी कन्या.
साडेपाच कोटी वर्षं उजेड चालत येतो
आणि साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर येऊन मरतो.

मी म्हटलं, मग दिसत नाही ते तुम्हीही लिहिता, मीही.
खूप हसल्या, खोकला येईपर्यंत.
मग पदरानं चष्मा पुसत :
हो रे. पण माझं कोणी खोटं ठरवू शकतं.
तुझं तेवढंही नशीब नाही.

पुढच्या बुधवारीही गुरुजींचं काही आलं नाही.
अकरा राशी भराभर झाल्या.
कन्येपाशी कर्सर लुकलुकत राहिला.
पाण्याचा ग्लास पिऊन आलो, तरी लुकलुकत होता.
मग लिहिलं :
'साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड
आज रात्री तुमच्या घरी पोचेल.'
या वेळी 'पूर्वी' बरोबर होतं.

ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही.
सोमवारी एक पोस्टकार्ड आलं, पारडीहून, पेन्सिलीनं :
मा. संपादक, माझी रास कन्या.
आम्ही मार्चमध्ये घर बदललं.
उजेड जुन्या पत्त्यावर गेला असेल तर कळवावे.
नवा पत्ता खाली देत आहे.

कार्ड कोणत्या चौकटीचं, क्षणभर कळेना.
मग बाईंच्या गठ्ठ्यात
सगळ्यात वर ठेवलं.