चाळीस रुपयांतला बुधवार

पहिली पाळी साडेतीनला सुटते.
अंबडहून रिक्षा बदलत मी बुधवारच्या बाजारात पोचते,
तोवर दिगू नदीकडच्या पायऱ्यांवर येऊन उभा असतो,
कापडी पिशवी अशी धरून
जशी कुणी परक्याने सांभाळायला दिलीय.

नियम त्याचाच :
दर बुधवारी एक पदार्थ, आधी कधी न केलेला,
आणि दोघांचं मिळून चाळीसच्या वर जायचं नाही.
गॅस धरायचा नाही. तेल धरायचं नाही.
मग धरायचं काय, मी विचारलं.
जीव मुठीत, म्हणाला.

मेस बंद केली त्या महिन्यातली ही गोष्ट.
दोघांचे पाच हजार,
भाजीत बटाटा शोधावा लागायचा
आणि रविवारी रात्री डबा नाही.

पहिल्या बुधवारी पिठलं.
गुठळ्या इतक्या की दिगू म्हणाला,
आक्का, ही भजीच आहेत, फक्त बुडालेली.
दुसऱ्या बुधवारी वरणफळं.
लाटलेली पोळी त्याने पट्टीने कापली,
आयटीआयची स्टीलची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची,
एकूण एक तुकडा सारखा,
शेजारच्या काकू बघायला आल्या,
आणि मीठ घालायचं दोघंही विसरलो.
तिसऱ्या बुधवारी उडदाचं घुटं.
त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.
कुकर अजून भिजत पडलाय.

आज शेंगोळे.
आईला फोन लावला, स्पीकरवर.
कुळथाचं पीठ किती गं?
अंदाजानं घ्या.
पाणी?
पीठ मागेल तेवढं.
तिखट?
अंदाजानंच की, आणि लसूण सढळ हातानं.
दिगूने वहीत ओळीने लिहिलं : अंदाज, अंदाज, सढळ हात.
पुढे किमतीच्या रकान्यात तीन रेघा.
पीठ अठ्ठावीस. कोथिंबीर पाच.
सात रुपयांचा लसूण कुणी देईना,
शेवटी एका मावशीने पोतं झटकून
खाली पडलेल्या पाकळ्या ओंजळीने पिशवीत घातल्या,
म्हणाली, सोलायला बस म्हणावं भावाला.

तो बसला.
त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं.
कधी झालं?
सोमवारी. हातोडी.
सांगितलं नाहीस.
तू तरी कुठे सांगतेस.

दिवसभर मी मोटारीच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळते,
वेढे मोजत, शंभर झाले की खूण.
घरी येऊन परातीत पीठ वळते आहे,
बोटाएवढी वळी, टोकाला टोक जोडायचं, दाबायचं,
हाताला हे आधीच येत होतं.
दिगूचे सुटत होते. मग सुटायचे थांबले.
बराच वेळ आम्ही नुसते वळत राहिलो.
खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, मारत होतं.

लसणाची फोडणी, पाण्याला उकळी,
आणि तो पातेल्यात एकेक सोडता सोडता म्हणाला,
चाकणला अप्रेंटिसशिप लागलीय.
एक तारखेपासून.
शेंगोळे तळाशी गेले.
शेंगोळे शिजले की वर येतात, आई म्हणाली होती,
घाई करून चमचा घालू नका.
मी घातला नाही.
म्हटलं, राहायचं कुठे?
कंपनीचंच, सहा जण एका खोलीत.
स्वयंपाक?
आहे ना मेस, म्हणाला,
आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

मीठ बघ, मी म्हणाले.
त्याने फुंकर मारून रस्सा चाखला,
डोळे मिटले, उगाचच जास्त वेळ.
आहे, म्हणाला. बरोब्बर आहे.

मग दोघांनी ताटलीतून, ओट्याशी उभ्यानेच,
नाक पुसत, तिखट अंदाजाच्या पुढे गेलेलं.
वहीची मागची पानं त्याने नव्याने लिहायला घेतली,
स्वतःसाठी, छोट्या अक्षरात,
वरणफळांपुढे कंसात : मीठ!!
घुटंसुद्धा लिहिलं.

पातेल्यात सात शेंगोळे उरले.
तू घे. नाही, तू घे.
तीन तुला, तीन मला,
सातव्याचं काय करायचं यावर
आम्ही बराच वेळ भांडलो.
शेवटी तो उठला, दप्तरातून
पट्टी घेऊन आला.