फाइन

पोत्यावर बाबगोंडा कुंचल्यानं लिहितो : फाइन.
काना वाकडा,
न नेहमी शिवणीत अडकलेला.
त्याच्या लेखी अर्थ सरळ आहे :
कापडातून गाळलेली हळद,
चिमटीत धरली की बोटांच्या रेषांत जाऊन बसते,
दोन आंघोळींनी निघत नाही.
जाड राहिलं ते परत चक्कीत.

सांगलीच्या यार्डात आमच्या गाळ्याची
ट्यूबलाइटसुद्धा पिवळी.
रात्री कांडप थांबलं की
शर्टाच्या आतल्या बाजूनं फोन पुसतो.
सन्मतीला विचारतो, लीड्सला :
जेवलीस का? थंडी कितीय?
त्या घराचं काय झालं?
तिन्हीला मिळून एक उत्तर.
फाइन.
इतकं बारीक चाळलेलं
की हाताला काहीच लागत नाही.

परवा तिच्या पलंगाखाली वाचनालयाचं पुस्तक सापडलं,
सतरा महिने उशिराचं.
नेऊन दिलं. आवटीबाई म्हणाल्या, फाइन बसेल हं.
मला हसू आलं. त्यांना कळेना.
म्हटलं, बाई, हे शब्द दोन की एकच?

त्यांनी कोश काढला, पुरात भिजून सुकलेला,
पानं लाटांसारखी.
चिकटलेली दोन पट्टीनं सोडवली.
मूळ एकच निघालं, लॅटिनमधलं.
शेवट. हद्द. शेताचा बांध म्हणा.
शेवटाला नेलेलं काम ते उत्तम,
शेवटाला नेलेलं भांडण ते मिटलं,
आणि मिटवताना मोजले ते पैसे म्हणजे दंड.
“सगळं शेवटाचंच खानदान,” म्हणत
बाईंनी पावती फाडली. चाळीस रुपये.

आयर्विन पुलावर गाडी लावली.
खाली पातळीचे आकडे, कोरडे.
आई आठवली. तिला कुणी विचारलं, कशी हायस,
तर म्हणायची, “हाय की बरी.”
त्या ‘की’मध्ये गुडघा असायचा, दादांचं बोलणं,
न आलेलं पत्र, सगळं.
ऐकणारा बसून घ्यायचा.
कोशातल्या त्या पानावर
‘की’ कुठंच नव्हता.

गाळ्यात आलो. बाबगोंडा चाळणीवर वाकलेला.
फोन काढून लिहिलं :
जाड असलं तरी चालेल गं. सांग.

काचेवर अंगठा पिवळा उमटला.
वर अक्षरं आली : सन्मती लिहितेय.
मग गेली.
मग परत आली.