पिशवी हवी का?

डॉर्कस हॅनला विटकरी गोळ्यांची बाटली
मी दर महिन्याला विकली.
मग दर पंधरवड्याला. मग मोजणं सोडलं.

न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत एप्रिलपासून खेकडे येतात,
खेकड्यांमागून कारखान्याचा भोंगा.
बारा तास थंडगार खाऱ्या पाण्यात हात,
पाय मोड, कवच फोड, पुढचा घे.
हंगामाचे तास भरले नाहीत
तर हिवाळ्यात सरकारी भत्ता नाही.
म्हणून बोटं वळेनाशी झाली तरी
डॉर्कसनं दुखणं अंगावर काढलं.

"साखरेचं कवच असतं गं," ती म्हणायची,
"जरा चघळलं की गोड. नंतरचं नंतर."
तिची नाणी मिठानं चिकट.
सांध्यांसाठी ही बाटली,
दाढेसाठी निळ्या खोक्यातली,
सर्दीला पिवळ्या.
तीन नावं, आत औषध एकच.
लेबलावर होतं तसं, दोन भाषांत,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.
मी वाचलं होतं.
मी विचारलं, पिशवी हवी का?

जूनमध्ये बूट तिच्या घोट्यांना होईनात.
उभं राहून सुजलेत, म्हणाली.
मग शौचाला डांबरासारखं काळं.
हे तिनं कुणालाच सांगितलं नाही,
सांगण्यासारखं असतं का ते?
पट्ट्यापाशी कोसळली, हातात अर्धा खेकडा.
सेंट जॉन्सच्या रस्त्यावर धुकं इतकं
की रुग्णवाहिका दोन तास रांगत गेली.

नर्सनं विचारलं, रोज किती?
नवरा, ॲम्ब्रोज, एका हाताची बोटं मोजत राहिला,
मग दुसऱ्या हाताची,
मग थांबला.
"पण साधीच गोळी ना ती?
दुकानात मिळते."

पाठीवर मारा, पोटावर मारू नका म्हणतात.
तिच्या पोटावर मारणारं
माझ्याकडे चॉकलेटांशेजारी मांडलेलं होतं,
दोनवर एक फुकट.

सप्टेंबरात आली. दुसऱ्यांचं रक्त अंगात,
मूत्रपिंडं निम्मी उरलेली.
दोन्ही हात काउंटरवर उघडे ठेवले,
जणू तेही विकायचे होते.
"आता दुखतं," म्हणाली, "अख्खं दुखतं.
पण कळतं तरी, कुठे."
दूध घेतलं, टपालाचं एक तिकीट घेतलं.

तिच्यामागे पेडल्सांचा लीअँडर, विशीतला,
मनगटाला पट्टी, अंगाला कॉडचा वास.
त्यानं बाटली पुढे सरकवली.
"आज किती झाल्या?"
"काय किती?"
मागे रांग खोळंबलीय, कुणीतरी खाकरतंय.
बाटली माझ्या हातात आहे,
यंत्र अजून वाजलेलं नाही.