हौशी गळ मंडळाचं दप्तर

समुद्र इथून एका रात्रीच्या एस्टीइतका लांब.
तरी अठ्ठावन्न साली, हिप्परग्याच्या तळ्याकाठी,
बाभळीखाली, सात जणांनी
दोन-दोन आणे काढून मंडळ स्थापलं.
नावात 'हौशी' पाहिजेच,
हा हट्ट मल्लेशम गुंडेटींचा.
पोटासाठी मासा धरणारे भोई आहेत,
त्यांच्या जाळ्याच्या बाजूला आपण बसायचं नाही.
हा नियम पहिला.
दुसरा कुणी केलाच नाही.

रात्रपाळी सुटली की सायकली थेट इकडे.
कानात अजून माग चालू,
त्यामुळे तळ्याच्या शांततेची पहिली पंधरा मिनिटं
कुणालाच ऐकू यायची नाहीत.

दोरी गिरणीच्या सुताची,
चाळीस नंबरचं, तिपदरी, वर मेणाचा हात.
ते सूत खात्यातून बाहेर कसं आलं
याची नोंद दप्तरात नाही.
तरंग म्हणजे ज्वारीच्या ताटातलं भेंड.
आमिष कणकेचं, त्यात चिमूटभर शेंगाचटणी.
'मासा सोलापूरचा आहे,' मैनोद्दीन नदाफ म्हणायचे,
'सपक कशाला खाईल?'

पासष्टला दप्तर माझ्या हातात आलं.
मी अकरा वर्षांची.
एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या कानडी, तिसऱ्याच्या दखनी,
मराठी लिहायची म्हटलं की सगळे खोकायचे,
आणि माझं अक्षर शाळेत पहिलं.
वडील तराजू दुरुस्त करायचे,
वजन त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच तोंडून.
मी रकाने आखायची : तारीख, नाव, जात, वजन.
जात म्हणजे मरळ, कटला, शिवडा.
माणसांना तो रकाना नव्हता.

खजिनदार सिद्रामप्पा हत्तुरे. पक्के शाकाहारी.
हातात आलेला मासा एकदा उन्हात धरून बघायचे
आणि 'जा बे' म्हणून परत सोडायचे.
त्यांच्या नावापुढे वजन नाही. नुसत्या तारखा,
सगळ्यांत जास्त.

एकोणसत्तरचं पान बघा.
'नदाफ. मरळ. दोरी तोडून गेली. अंदाजे सहा किलो.'
'अंदाजे' माझा. ते 'नक्की' म्हणत होते.
तीन वर्षं ती मरळ दर रविवारी अर्धा पाव वाढायची.

बहात्तरला तळं आटलं.
सभा तळाशीच भरवली, भेगांवर सतरंजी टाकून.
पोरं हिंडली, आमचेच गळ वेचून आणले,
एकशे बारा, गंजलेले,
शिवाय एक चष्मा आणि सायकलची घंटी.
मधोमध बाभळीचं एक जुनं खोड उघडं पडलेलं.
त्यात नदाफांचा गळ, तांब्याची तार गुंडाळलेला,
मागे हातभर दोरी, तिपदरी.

नदाफ पान लावत होते. लावतच राहिले.
मल्लेशम उठले, गळ उपटला, खिशात टाकला
आणि मला म्हणाले, 'मागचं काही खोडायचं नसतं, पोरी.
शाई वाया जाते.'

मग भोंगे थांबले, एक-एक करून.
कधी, ते दप्तरावरून कळतं.
त्या रविवारी हजेरी पूर्ण, मासे शून्य,
कुणी आमिष लावलंच नव्हतं.
मी 'निरंक' लिहायला घेतलं
तर हत्तुऱ्यांनी टाक धरला.
'सापडला नाही म्हणजे आहे की अजून.
जमाखर्चात त्याला शिल्लक म्हणतात.'
लिहिलं. शिल्लक : पाण्यात.
पुढची पानं कोरी आहेत, थोडी वाळवीनं खाल्लेली.

परवा एक मुलगा भेटला तळ्यावर,
हैदराबादहून मागवलेली काठी, चाकाला तेल.
विचारलं त्यानं, 'आजी, इथं काय चालतं?'
म्हटलं, शेंगाचटणी.
तो हसला, डबीतून रबराचा किडा काढला.
मी बसले जरा वेळ त्याचा तरंग बघत.
प्लॅस्टिकचा, लाल.
उगाचच फार भडक.